चालण्याचे पैसे

गुडघ्याची वाटी बदलण्याच्या ऑपरेशनचं एक कोडं अस्थिरोगतज्ज्ञांना बरीच वर्षं छळतं आहे. ऑपरेशन चांगलं होतं. दुखणं जातं, वाकलेला पाय सरळ होतो, जिना चढता येतो. सहा महिन्यांनी विचारावं तर रुग्ण समाधानी असतो. पण त्याच्या कमरेला पावलं मोजणारं यंत्र बांधून ऑपरेशनच्या आधीचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी ठेवला, की दोन्हींत म्हणावा तेवढा फरक निघत नाही. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तरी चित्र तेच. गुडघा नवा आला, दिवस मात्र जुनाच राहिला.

यात आळस कमी आणि सवय जास्त. दहा-दहा वर्षं गुडघा दुखत असतो तेव्हा माणूस त्या दुखण्याभोवती सगळं घर मांडून घेतो. भाजी दारात येते, बँकेची कामं मुलगा करतो, पाण्याची बाटली आणि रिमोट हाताशी असतो. लग्नाला जायचंच झालं तर जेवणाच्या हॉलजवळची खुर्ची कुणीतरी आधीच धरून ठेवतं. सर्जन सांधा बदलतो. ही मांडणी बदलणं कुणाच्याच कामात बसत नाही.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी नेमक्या या ठिकाणी पैसे लावून पाहिले. गुडघा बदललेल्या २०२ रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले. एका गटाला नेहमीसारखंच ठेवलं. दुसऱ्याला प्रशिक्षित व्यक्तीचा नियमित फोन यायचा: कसं चाललंय, काय अडतंय, पुढच्या आठवड्यात किती जमेल. तिसऱ्याला ठरलेलं उद्दिष्ट गाठल्याबद्दल पैसे मिळायचे. चौथ्याला फोनही आणि पैसेही. २०१८ मध्ये निकाल छापून आले. सहा महिन्यांनी चौथ्या गटाची दिवसाला सरासरी सुमारे १,८०० पावलं वाढली होती. नेहमीसारखं ठेवलेल्या गटाची वाढ ७०० च्या आत होती. आणि गंमत म्हणजे नुसते पैसे मिळालेला गट त्याच्या फारसा पुढे नव्हता, नुसता फोन मिळालेला तर नाहीच नाही.

प्रयोग लहान होता, एकाच हॉस्पिटलातला होता, त्यावर इमले बांधू नयेत. तरी मला तो या विषयातला सगळ्यात बोलका प्रयोग वाटतो. पैसे दिले की माणूस चालतो, इतकं हे सरळ नाही. पैसे आणि चौकशी करणारा माणूस एकत्र आले, तेव्हा काहीतरी हललं.

मुळात ऑपरेशननंतर चालायचं कशासाठी, हा प्रश्न आज बाळबोध वाटेल, पण डॉक्टरांनाच त्याचं उत्तर पटायला पन्नास वर्षं लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोट उघडलेल्या रुग्णाला दोन-दोन, तीन-तीन आठवडे पाठीवर झोपवून ठेवत. शिकागोच्या एमिल रीस या शल्यविशारदानं १८९९ मध्ये आपल्या रुग्णांना लवकर उठवायला सुरुवात केल्याचं लिहिलं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि परिचारिका दोन्ही कमी पडल्या, रुग्णांना लवकर उठवावंच लागलं, आणि ते मेले नाहीत, उलट बरे झाले. १९४४ मध्ये विल्यम डॉक यांनी अमेरिकेत आणि १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर यांनी ब्रिटनमध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या तोट्यांची यादीच मांडली. पायातल्या शिरांमध्ये रक्त साकळून गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. फुप्फुसाचा तळ नीट फुगत नाही आणि न्यूमोनियाला जागा मिळते. स्नायू वितळतात.

हे वितळणं किती झपाट्यानं होतं, हे डॅलसच्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं आणि त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. म्हाताऱ्यांचं तर विचारू नये. साठी-सत्तरीतल्या धडधाकट लोकांना दहा दिवस झोपवून ठेवलं तेव्हा दोन्ही पायांचं मिळून जवळजवळ एक किलो मांस गेलं. हे सगळे निरोगी होते, ऑपरेशन झालेले नव्हते.

डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात ऑपरेशननंतरच्या काळजीची नवी पद्धत बसवली. वेदना नीट आवरायची, नळ्या लवकर काढायच्या, लवकर खायला द्यायचं आणि लवकर उठवायचं. आज पुण्या-मुंबईतसुद्धा गुडघा बदललेल्या आजींना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात, त्यामागे हीच विचारसरणी आहे.

आता एक अडचण, जी बक्षिसाच्या उत्साहात विसरली जाते. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सिनाई रुग्णालयात मोठी ऑपरेशनं झालेल्या १०० रुग्णांच्या मनगटावर पावलं मोजणारे पट्टे बांधले. पहिल्या दिवशी जे जास्त चालले त्यांचा मुक्काम लांबण्याची शक्यता कमी होती, आणि हा संबंध साधारण एक हजार पावलांपर्यंतच दिसला, त्यापुढे वाढला नाही. वाचणाऱ्याला वाटतं, झालं तर मग, सगळ्यांना हजार पावलं चालवा. पण जो बरा आहे तोच चालतो, हेही तितकंच खरं. काय कशामुळे होतं, हे कळायला वेगळा प्रयोग हवा. तो मॉन्ट्रियलमध्ये झाला. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेल्या ९९ रुग्णांपैकी निम्म्यांना उठवून फिरवायला खास माणूस नेमला. ते रुग्ण खरोखरच जास्त वेळ अंथरुणाबाहेर राहिले. पण बाकीच्यांपेक्षा लवकर बरे झाले का, तर तसा फरक आढळला नाही. त्या रुग्णालयात केलेट यांच्या धर्तीची चांगली व्यवस्था आधीपासूनच होती. सगळेच थोडंफार उठत होते. त्यात आणखी चार फेऱ्यांची भर घालून हाती काही लागलं नाही.

म्हणून वॉर्डात पैसे लावण्याबद्दल मी साशंक आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत माणूस चालत नाही तो इच्छा नसते म्हणून नाही. सलाईन लावलेलं असतं, लघवीची नळी असते, भूल उतरताना मळमळतं, टाके ओढतात, आणि हात धरायला कुणी मोकळं नसतं. तिथे चांगलं वेदनाशामक आणि एक मोकळी सिस्टर कुठल्याही बक्षिसापेक्षा मोलाची. पैशाची खरी जागा त्यानंतर येते. डिस्चार्ज मिळतो, भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरते, दुखणं सहन होण्याइतकं उतरतं, आणि पुढच्या दहा-बारा आठवड्यांत रोज चालायचं की नाही हे बघायला कुणीच नसतं.

त्या काळात अडचण अशी की चालण्याचा त्रास आत्ता होतो आणि फायदा कधीतरी नंतर, तोही डोळ्यांना न दिसणारा. न झालेली गुठळी कुणाला दिसते? दूरच्या मोठ्या फायद्यापेक्षा आजचा छोटा आराम माणसाला मोठा वाटतो, हे अर्थशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. बक्षिसाचं काम त्या फायद्याचा एक चिमुकला तुकडा आजच्या संध्याकाळपर्यंत ओढून आणायचं.

पण कसा ओढायचा, यावर सगळं अवलंबून आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मितेश पटेल, केव्हिन व्होल्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८१ जाड माणसांवर १३ आठवड्यांचा एक प्रयोग केला. उद्दिष्ट दिवसाला ७,००० पावलं. एका गटाला उद्दिष्ट गाठलेल्या प्रत्येक दिवसाचे १.४० डॉलर मिळायचे. दुसऱ्याला तेवढ्याच सरासरी किमतीची लॉटरी. तिसऱ्याच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर जमा व्हायचे आणि उद्दिष्ट चुकलेल्या प्रत्येक दिवशी त्यातले १.४० कापले जायचे. हिशेबानं पहिला आणि तिसरा गट अगदी सारखेच. तरी काहीच न मिळणाऱ्यांनी ३० टक्के दिवशी उद्दिष्ट गाठलं, रोजचे पैसे मिळणाऱ्यांनी ३५, लॉटरीवाल्यांनी ३६ आणि कापले जाणाऱ्यांनी ४५ टक्के. यातला फक्त शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट इथे पायांपर्यंत पोचली: रस्त्यात सापडलेल्या वीस रुपयांपेक्षा खिशातून हरवलेले दहा जास्त वेळ डोक्यात राहतात.

हीच युक्ती पुढे हृदयरुग्णांवर वापरली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या १०५ जणांच्या प्रयोगात आठवड्याला १४ डॉलर आधीच जमा, चुकलेल्या दिवसाला २ डॉलर वजा. पैसे सोळा आठवडे चालू राहिले; त्या काळात त्यांची दिवसाची पावलं हजाराहून जास्त वाढली, आणि पैसे बंद झाल्यावरच्या आठ आठवड्यांतही बरीचशी वाढ टिकली. २०२४ मध्ये १,०६२ लोकांवर वर्षभर चाललेल्या मोठ्या प्रयोगाचे निकाल आले. हे हृदयविकाराचा धोका जास्त असलेले लोक होते. यात पैशांच्या जोडीला गुण, पातळ्या आणि घरच्या किंवा मित्रमंडळींतल्या एका माणसाला आठवड्याचा अहवाल असा खेळही ठेवला होता. नुसत्या पैशांनी नेहमीच्या गटापेक्षा दिवसाला ५०० च्या आसपास पावलं वाढली. नुसत्या खेळानंही जवळजवळ तेवढीच वाढली. दोन्ही एकत्र केल्यावर वाढ ८५० च्या वर गेली. पुन्हा बोस्टनसारखंच. पैसा एकटा ठीक, सोबत कुणीतरी बघणारं असेल तर चांगला.

फिलाडेल्फियात तर पैसा वगळूनच एक प्रयोग झाला. खुबा किंवा गुडघा बदललेल्या २४२ रुग्णांपैकी काहींना पावलं मोजणारं यंत्र, मोबाइलवर रोजची विचारपूस, गुणांचा खेळ आणि मदतीला घरचं एक माणूस दिलं. मुख्य अपेक्षा होती की त्यामुळे जास्त लोक शुश्रूषागृहात न जाता थेट घरी जातील. ती पुरी झाली नाही. पण पुन्हा भरती करावं लागण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलं. हे वाचल्यावर प्रश्न पडतो, की पैशानं जे होतं त्यातलं किती पैशानं होतं आणि किती कुणीतरी आकडा पाहतंय या जाणिवेनं.

पैसे दिले की आतली ओढ मरते, असा एक जुना आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. इस्रायलच्या हैफा शहरात पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तेव्हा उशिरा येणारे कमी झाले नाहीत, जवळजवळ दुप्पट झाले. आधी उशीर केला की ताईंसमोर ओशाळायला व्हायचं. दंड भरला की उशीर विकत घेतल्यासारखा झाला. दंड मागे घेतला तरी जुनी शिस्त परत आली नाही. ऑपरेशननंतरच्या चालण्याला मात्र हा आक्षेप तितकासा लागू पडत नाही, असं मला वाटतं. तिथे मारून टाकायला आतली ओढ असतेच कुठे? असते ती भीती. पडेन ही भीती, टाके उसवतील ही भीती, आणि आपल्याकडे तर रुग्णापेक्षा घरच्यांनाच जास्त. ‘तुम्ही उठू नका हो, मी देते ना,’ असं म्हणणारी सून आणि ‘आई, पडून राहा’ म्हणणारा मुलगा हे प्रेमच करत असतात. काळजी घेणं म्हणजे झोपवून ठेवणं, हे समीकरण डॉक्टरांनी १९४४ मध्येच मोडलं, पण आपल्या घरांत ते अजून ठणठणीत आहे. अशा घरात आजचे शंभर रुपये बुडतील हे कारण आजींना खुर्चीतून उठायला सोयीचं पडतं. चालण्याचा हट्ट धरल्यासारखं दिसत नाही.

गरिबांच्या बाबतीत बक्षिसाचा अर्थच निराळा होतो. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात गरिबांच्या सरकारी विम्यावरच्या १३० हृदयरुग्णांना पुनर्वसनाच्या वर्गांना यावं म्हणून पैसे दिले. वर्ग ३६ होते, देखरेखीखाली व्यायामाचे. पहिल्या वर्गाला मोजके डॉलर, आणि न चुकता येत राहिलं की पुढची रक्कम वाढत जायची. पैसे मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांनी वर्ग पूर्ण केले, न मिळालेल्यांपैकी २९ टक्क्यांनी. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण ज्याला वर्गाला यायला खाडा करावा लागतो आणि गाडीभाडं खिशातून जातं, त्याच्यासाठी हे बक्षीस कमी आणि भरपाई जास्त. त्याला प्रोत्साहन म्हणणं जरा श्रीमंती थाटाचं आहे.

भारतातलं एक उदाहरण ऑपरेशनचं नाही, पण चालण्याचं आहे. कोइमतूरमध्ये मधुमेह असलेल्या किंवा होऊ घातलेल्या सुमारे ३,२०० लोकांना पेडोमीटर देऊन १०,००० पावलांच्या दिवसाला २० रुपयांपर्यंतचं मोबाइल रिचार्ज दिलं. चालणं सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. यातली बारीक युक्ती अशी होती की काही लोकांना आठवड्यातल्या किमान चार किंवा पाच दिवशी उद्दिष्ट गाठलं तरच पैसे मिळायचे. तीन दिवस चालून सोडून दिलं तर शून्य. चालण्यात फारसा फरक पडला नाही, खर्च मात्र वाचला. ज्यांना ‘उद्यापासून’ म्हणायची जास्त सवय, त्यांच्यावर ही अट विशेष चालली, कारण आजचा दिवस घालवला की कालचेही बुडतात.

माझ्या मते ऑपरेशन झालेल्या माणसाला ही अट लावू नये. बरं होणं सरळ रेषेत होत नाही. एक दिवस पाय सुजतो, एक दिवस ताप येतो, एक दिवस नुसतंच नको वाटतं, आणि त्या दिवशी विश्रांती हेच बरोबर असतं. सगळं बुडेल या धास्तीनं कुणी सुजलेल्या गुडघ्यावर रात्री दहाला फेऱ्या मारू लागला तर बक्षीसच अपाय करेल. अमेरिकेत एका जिम-साखळीच्या ६० हजारांहून जास्त सभासदांवर व्यायामाला प्रवृत्त करण्याच्या ५४ तऱ्हा एकाच वेळी ताडून पाहिल्या होत्या. त्यांत सगळ्यात पुढे आलेल्या तऱ्हेत खाडा झाल्यानंतर परत येणाऱ्याला किंचितसा बोनस होता, काही सेंटांचा. रुग्णासाठी ही कल्पना मला जास्त शहाणी वाटते.

पैसे कोण देणार, हा प्रश्न उरतोच. बाहेरच्या देशांत विमा कंपन्यांनी तो उचलला आहे. दक्षिण आफ्रिकेतून सुरू झालेल्या व्हायटॅलिटी योजनेत ग्राहकाला अ‍ॅपल वॉच जवळजवळ फुकट मिळतं, पण ज्या महिन्यात हालचाल कमी त्या महिन्यात त्याचा हप्ता भरावा लागतो. तीन देशांतल्या चार लाखांहून जास्त ग्राहकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा हे घड्याळ घेतलेल्यांची हालचाल सुमारे ३४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आपल्याकडे विमा नियामक आयआरडीएआयनं २०२० मध्ये आरोग्य विम्यात तंदुरुस्तीबद्दल गुण आणि नूतनीकरणात सवलत देण्याचे नियम घालून दिले. काही कंपन्या चाललेल्या पावलांवर हप्त्यातला काही भाग परत देतातही. पण या योजना धडधाकट ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून बेतलेल्या असतात. दहा हजारांचा आकडा त्यांच्यात सर्रास दिसतो, आणि तो वैद्यकशास्त्रातून आलेलाच नाही. १९६५ मध्ये जपानी कंपनीनं विकायला काढलेल्या पेडोमीटरचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं यंत्र, असं होतं. तिथून तो जगभर पसरला. सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढणं थांबलं होतं. नुकताच गुडघा बदललेल्या माणसासमोर दहा हजारांचा आकडा ठेवणं म्हणजे त्याला आधीच नापास करणं. उद्दिष्ट त्याच्या स्वतःच्या कालच्या आकड्यावरून ठरायला हवं, थोडंसं वर.

आणि तो कालचा आकडा तरी खरा हवा. वॉकर धरून चालणाऱ्या माणसाचे हात हलत नाहीत, तो हळू आणि पाय ओढत चालतो. मनगटावरचं घड्याळ हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतं, त्यामुळे त्याची कितीतरी पावलं हिशेबातच येत नाहीत. घोट्याला बांधलेलं यंत्र जास्त नेमकं मोजतं, पण ते सहसा प्रयोगशाळेतच दिसतं. उलट झुलत्या खुर्चीत बसून हात हलवणाऱ्याला घड्याळ फुकटची पावलं बहाल करतं. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात पैसे लावायचेच असतील तर ते मनगटावरच्या आकड्यावर लावू नयेत. वॉकर घेऊन पॅसेजमध्ये मारलेल्या फेऱ्या घरातल्या कुणीतरी वहीत मांडाव्यात, आणि संध्याकाळी गुडघा सुजला तर दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्या कमी करूनही पैसे पूर्ण द्यावेत.